बंडीला जू नव्हतं

लेकरांनो,

माझ्या वाढदिवसाला तुम्ही दोघांनी मिळून मला एक चित्र पाठवलंत. त्यात मी नऊवारी नेसून, नथ घालून बैलगाडीत बसले आहे. मागे कापसाचं शेत, त्यामागे मावळता सूर्य. चेहरा माझाच आहे, फक्त सुरकुत्या निम्म्या केल्या आहेत. नऊवारी मी आयुष्यात नेसलेली नाही, आणि तुमच्या आजोबांना नथ बघितली की शिंका येतात असं ते म्हणत. मी उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. मग फोनवर धाकट्यानं विचारलं, "आजी, आवडलं नाही का?" मी म्हटलं, आवडलं. ते खरं नव्हतं आणि खोटंही नव्हतं, आणि असं अर्धवट उत्तर मी वर्गात कोणाकडून चालवून घेतलं नसतं. म्हणून लिहायला बसले आहे. आत्ताच का, तर इकडे लग्नसराई सुरू झाली आहे आणि तुमच्या मावशीआजीचं कामाचं टेबल रिकामं पडलं आहे. ते कसं रिकामं झालं हे तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं, आणि तिला तुम्ही विचाराल तर ती विषय बदलेल.

तुमचं चित्र उघडल्यावर मी सगळ्यात आधी बैलांच्या मानेकडे पाहिलं. मी तिथं जू शोधत होते. तुम्ही बैलगाडी चित्रातच पाहिलेली, तेव्हा सांगते: दोन बैलांच्या मानेवर जे लाकूड आडवं ठेवतात ते जू. गाडीची पुढची लांब दांडी त्याला बांधतात. जू नसेल तर बैल आपल्या जागी, गाडी आपल्या जागी. गाडीला आम्ही वऱ्हाडात बंडी म्हणतो. आता क्रमानं सांगते.

मावशीआजी म्हणजे माझी धाकटी बहीण, अकोल्याची. मी शिकले आणि अमरावतीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागले. ती मॅट्रिकनंतर थांबली. यात दुःख शोधू नका, तिला अभ्यासाचा मनापासून कंटाळा होता. तिला हाताची कामं आवडत, आणि जीभ माझ्यापेक्षा पुष्कळ धारदार. लग्न होऊन अकोल्याला गेल्यावर ती रुखवत करू लागली. आधी नात्यातल्या मुलींची, मग गल्लीतली, मग लांबून लोक ऑर्डर घेऊन येऊ लागले.

रुखवत म्हणजे मुलीकडच्या बायका लग्नात एका लांब टेबलावर मांडतात ती कलाकुसर. साखरेची फळं, रंगीत करंज्यांची वेल, सुपाऱ्यांचे नवरानवरी असं पुष्कळ काही. मुलाकडच्या बायका ते बघायला येतात आणि वाकून वाकून नावं ठेवतात. नावं ठेवणं हा त्यातला निम्मा आनंद. मग कोणीतरी विचारतं, "हे कोणी केलं?" आणि मुलीकडच्यांनी एका बाईकडे बोट दाखवायचं असतं. ही रीतच आहे. त्या बोटासाठी माझी बहीण काम करायची, असं म्हटलं तर तिला राग येईल, पण ते खरं आहे.

तिची कामाची पद्धत अशी. ऑर्डर आली की ती आधी मुलीच्या घरी जाऊन बसायची. चहा घ्यायची. शेत कुठं आहे, कोरडवाहू की ओलिताचं, मुलगी लहानपणी काय करायची, सासर कुठलं, सासू कशी आहे, हे सगळं विचारायची. लोकांना वाटायचं बाई गप्पिष्ट आहे. परत येताना तिच्या डोक्यात रुखवत तयार असायचं. वरुडकडच्या एका बागायतदाराच्या मुलीसाठी तिनं खोबऱ्याची संत्री केली होती, आणि त्यातलं एक मुद्दाम किडकं, कारण ती मुलगी बागेतलं किडकं फळ नेमकं हुडकून काढायची म्हणे. सासरच्यांनी विचारलं, हे एक असं काहून? मुलीच्या आईनं सांगितलं, आणि सगळं टेबल हसलं. सासरी पहिल्या दिवशी मुलीला त्याच गोष्टीवरून चिडवलं गेलं. म्हणजे तिच्याबद्दल बोलायला काहीतरी झालं.

तिची सगळ्यात नावाजलेली वस्तू म्हणजे कापसाची बंडी. ज्वारीचा धांडा सोलला की वरची कडक साल निघते आणि आत पांढरं, हलकं भेंड. सालीच्या काड्या भेंडात टोचून लहान मुलं गाड्या करायची, आम्हीही केल्या. तिनं तेच मोठेपणी बारीक केलं. डिंकाचा थेंब नाही. बैल कापडाचे, पोटात सरकी भरलेली, म्हणजे हात लावला तर घट्ट लागतात आणि पायावर उभे राहतात. पाठीवर जुन्या लुगड्याच्या काठाची झूल. बंडीत खरा कापूस. मुलगी याच बंडीत बसून सासरी निघाली, असा त्याचा अर्थ.

मग लोक फोनमध्ये एआयकडून काढून घेतलेली चित्रं घेऊन येऊ लागले.

पहिलं चित्र तिनं मला दाखवायला पाठवलं होतं. साखरेची पालखी, चार भोई, आणि पालखी भोयांच्या खांद्याला टेकलेलीच नाही, हवेत आहे. तिनं गिऱ्हाईकाला सांगितलं की साखर हवेत राहत नाही. त्यावर बाई म्हणाली, "पण फोटोत राहिली ना." माझी बहीण मला फोनवर म्हणाली, "ताई, मी तिले म्हटलं, मंग फोटोच ठेवा टेबलावर. तं ती म्हनते कशी, हो, तोही ठेवनार हाओत."

पुढे पुढे बोलणं असं होऊ लागलं की डिझाईन आमचं आहे, तुम्ही फक्त करायचं. त्याबरोबर मजुरीही उतरली, कारण डोक्याचे पैसे कशाला द्यायचे, डोकं तर मशीननं चालवलं. घरी येऊन बसायची गरज संपली. चहा संपला. मला याचा सगळ्यात जास्त राग येतो. लोकांना वाटतं डिझाईन म्हणजे चित्र. तिचं डिझाईन म्हणजे ते बसणं होतं.

मी यंत्रावर रुसून बसलेली म्हातारी नाही, हे लक्षात घ्या. वीज कंपनीला लिहायचं पत्र मी त्याच्याकडून लिहून घेते आणि ते माझ्यापेक्षा नम्र लिहितं. पण राजापेठेत बाहेर पडले की डोकं फिरतं. गल्लीतल्या सगळ्या ट्यूशन क्लासेसच्या फ्लेक्सवर आता एकच मुलगा हसतो आहे. कुठं त्याला चष्मा, कुठं टाय, दात मात्र तेच. खाली लिहिलंय, आमचा यशस्वी विद्यार्थी. तो कोणाच्याच वर्गात बसलेला नाही. पूर्वी त्या फ्लेक्सवर शेजारपाजारची खरी मुलं असायची, केसांना तेल लावून, घाबरलेली, आणि त्यांच्या आया भाजी घेताना वर बघून थांबायच्या. एका क्लासवाल्याला मी विचारलं, तुमची मुलं कुठं गेली? तो म्हणाला, "मॅडम, त्यांच्या फोटोले परवानगी लागते. हा पोरगा काही म्हनत नाही."

मागच्या हिवाळ्यात तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाच्या नातीचं लग्न ठरलं. मुलगा धामणगाव रेल्वे या गावचा, घरची शेती मोठी. मुलीच्या आईनं, म्हणजे माझ्या पुतणसुनेनं, मला सांगितलं की रुखवत अकोल्याच्या मावशींकडूनच हवं. मला आनंद झाला. बहीण तेव्हा म्हणत होती की आता पुरे, हात दुखतात. हात दुखत नव्हते. मीच तिला म्हटलं, घरचं कार्य आहे, हे कर.

ती आली, माझ्याकडे उतरली, आणि आम्ही दोघी पुतणसुनेकडे गेलो. बहिणीनं चहाचा कप हातात घेतला आणि विचारायला सुरुवात केली, "कावं, पोरगी शेतात गेली का कधी?" तेवढ्यात पुतणसुनेनं फोन पुढे केला. "मावशी, ते सगळं राहू द्या. पोरीनं डिझाईन करून ठेवलं आहे."

चित्र सुंदर होतं, हे मान्य केलं पाहिजे. पांढरीशुभ्र बैलजोडी, ढगासारखा कापूस भरलेली बंडी, वर नवरानवरी, सगळीकडे सोनेरी उजेड. बंडीच होती. माझ्या बहिणीचीच बंडी कुठूनतरी न्हाऊन माखून आल्यासारखी. बैलांच्या मध्ये झेंडूची मोठी माळ होती आणि गाडीची दांडी त्या माळेत शिरून कुठंतरी संपत होती.

बहिणीनं चष्मा लावला आणि म्हणाली, "यात जू नाई."

"फुलांमागं असंल," पुतणसून म्हणाली.

"फुलांमागं तुमी पाहता. मले तं बनवा लागते."

मग मुलगीच आतल्या खोलीतून आली. ती पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते, कानातला हेडफोन अजून लटकत होता. तिनं शांतपणे सांगितलं की पत्रिकेवर हेच चित्र आहे, स्टेजमागच्या मोठ्या पडद्यावर हेच येणार आहे, आणि टेबलावरची बंडी त्याच्याशी तंतोतंत जुळली पाहिजे. "आजी, प्लीज, काही घालू नका. आहे तसंच."

"जू घातलं तर काय होते?"

"वेगळं दिसेल ना."

मला तिचाही राग येत होता, पण तो टिकला नाही. बहीण चित्रावरून मापं उतरवून घेत होती तेव्हा ही पोरगी माझ्याजवळ बसून म्हणाली, "आजी, तुम्हाला वाटतं मी बटण दाबलं आणि झालं. कितीतरी चित्रं टाकून दिली तेव्हा हे सापडलं." ती मोबाईलच्या ॲपचे पडदे, म्हणजे स्क्रीन, आखायचं काम करते. मी विचारलं, ऑफिसातही असंच का? ती म्हणाली, "तिथं तर हेच. मी आता काही काढत नाही. समोर येतं त्यातलं निवडते. माझ्यासोबतचे निम्मे लोक तर निवडायलाही राहिले नाहीत." हे ती कोणाची तक्रार करावी तसं म्हणाली नाही. पाणी कमी दाबानं येतं असं सांगावं तसं म्हणाली. लग्नापूर्वीचे तिचे आणि नवऱ्या मुलाचे फोटो चिखलदऱ्याचे होते, धुक्यातले, तेही यंत्रानं केलेले. चिखलदरा इथून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याइतका जवळ. ते दोघं तिथं गेलेच नव्हते. सुट्टी मिळाली नाही म्हणे.

बहिणीनं बंडी केली. धांडे तिला अकोल्याजवळच्या एका ओळखीच्या शेतातून आले. लग्नाच्या आदल्या दिवशी ती सफरचंदाचा खोका मांडीवर घेऊन एसटीनं आली. मूर्तिजापूरला एकानं खोका वर ठेवतो म्हटलं तर त्याला म्हणाली, "तुमीच वर जाऊन बसा." खोका उघडला तेव्हा मी बघतच राहिले. चित्रातली बंडी, जशीच्या तशी. झेंडूची माळ तिनं कापसाच्या वातींना हळद लावून केली होती. आणि बैलांच्या मानेवर काही नाही. दांडी माळेत शिरून संपलेली.

लग्न बायपासजवळच्या लॉनवर. रुखवताचं टेबल स्टेजच्या डाव्या हाताला, आणि मागे पडद्यावर तेच चित्र, घराएवढं. रुखवताच्या वेळी मुलीकडच्यांनी दोन-दोन ओळी म्हणायच्या असतात, विहिणीला चिमटे काढणाऱ्या. मुलीच्या मामेबहिणीनं त्या फोनवरून वाचल्या. त्याही यंत्राकडून आणलेल्या. यमकं चोख होती. कोणीही हसलं नाही, कारण त्यात कोणाचं नाव नव्हतं, कोणाचं घोरणं नव्हतं, कोणाची कंजुषी नव्हती. यंत्र विहिणीला टोमणा मारायला घाबरतं, असं दिसतं. विहीण बिचारी टोमण्याची वाट बघत उभी होती.

मग मुलाकडच्या बायका टेबलाशी आल्या. पुढे मुलाची मोठी आत्या, उंच बाई, कमरेवर हात. बंडीपाशी थांबली. "झकास हाये," म्हणाली. "कोनं केलं?"

मी बहिणीकडे पाहिलं. ती माझ्या मागे, खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. हिरवं काठापदराचं लुगडं नेसली होती, हातात पर्स.

पुतणसून म्हणाली, "डिझाईन आमच्या मुलीचं आहे. एआयवर केलं तिनं."

"असं का," आत्याबाई म्हणाल्या. मग वाकल्या. बैलांच्या मानेखाली बोट घालून पाहिलं. "पन माय, हे बैल तं सुटेच हायेत. बंडी नेते कोन? नवरदेव वढते काय?"

सगळ्या हसल्या. कोणीतरी मागून म्हणालं, "वढंल, वढंल. पुढं तेच तं काम हाये त्याले." पुन्हा हशा. त्या हशात वाईटपणा काही नव्हता. तोच त्या संध्याकाळचा पहिला खरा टोमणा होता, आणि पुतणसुनेनं तोच उलटा टोला हाणून परतवायला हवा होता. रुखवत असतंच त्यासाठी. पण ती गोरीमोरी झाली आणि पटकन म्हणाली, "ते बनवताना चुकलं. आमच्या अकोल्याच्या मावशींनी केलं. वय झालं ना आता त्यांचं."

आणि तिनं बोट दाखवलं.

मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "तिनं तुला विचारलं होतं. माझ्यासमोर."

"काकू, आता नका ना. फोटो चालू आहेत."

बहिणीचा एक हात पर्समध्ये गेलेला मला दिसला. थोडा वेळ तो आत तसाच राहिला. मग तिनं हात बाहेर काढला, रिकामा, आणि पर्सची चेन लावली. त्यानंतर आम्ही जेवलो. वांग्याची भाजी तिखट झाली होती असं ती म्हणाली. एवढंच.

घरी आल्यावर मी चहा टाकला. तिनं टेबलावर रुमालात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. मी उघडलं. माझ्या बोटापेक्षा थोडं लांब, धांड्याच्या सालीचं, दोन्ही टोकांना बारीक खुंट्या, मधे दांडी बांधायची खोबण, आणि खोबणीत दोऱ्याचा वेढासुद्धा घालून ठेवलेला.

"हे तुझ्याजवळ होतं?"

"होतं."

"मग लावलं का नाहीस? एक क्षणाचं काम होतं. सगळ्यांसमोर लावायचं."

"कोनाच्या बैलाईले लावू? चित्र त्याईचं. म्या आपलं काही घालायचं नाई, असं सांगतलं होतं ना मले."

"लोक तुला हसले. वय झालं म्हणाली ती."

"वय तं झालंच हाये. तुयंही झालं." तिनं चहा बशीत ओतला. "त्या आत्याबाईले दिसलं, पाह्यलं नाई तू? एवढ्या मोठ्या पडद्यावर घराएवढं चित्र होतं, कोनाले काही दिसलं नाई. तिनं बोट घालून पाह्यलं."

मला त्यानं बरं वाटलं नाही. मला अजूनही बरं वाटत नाही. चांगलं झालं तर नाव मुलीचं आणि यंत्राचं, आणि चुकलं तर बोट माझ्या बहिणीकडे. हा हिशेब कोणत्या यंत्रानं घातलेला नाही, आमच्या घरच्या माणसांनी घातला आहे. पुतणसून दुष्ट नाही. परवाच मला लोणचं देऊन गेली.

त्यानंतर बहिणीनं चित्र घेऊन येणाऱ्याचं काम घेणं बंद केलं. आधी घरी येऊन बसते, मग काय करायचं ते सांगते, असं ती म्हणते. लोक हो म्हणतात आणि परत येत नाहीत. धांडे या वर्षीही आले आहेत, माळ्यावर पडून आहेत.

आता तुमच्या चित्राबद्दल. तुमच्या चित्रात जू आहे. मी भिंग घेऊन पाहिलं. दांडी नीट बांधलेली आहे, खुंट्यासुद्धा आहेत. म्हणून मुद्दाम लिहिते की यंत्र चुकतं ही माझी तक्रार नाही. ते शिकतं आहे, उद्या बहिणीपेक्षा चांगली बंडी काढेल. पण मी कधी बंडीत बसले होते का, हे तुम्ही मला विचारलं नाहीत. विचारलं असतं तर सांगितलं असतं: एकदाच, लहानपणी, सरकीच्या पोत्यांवर, शेजारी धाकटी बहीण, आणि तिला वाटेत उलटी झाली. तीही तिनं माझ्या फ्रॉकवर केली. सूर्य वगैरे काही मावळत नव्हता, भर दुपार होती. हे चित्रात आलं असतं तर मी अंगठा पाठवला नसता, लगेच फोन केला असता.

तुम्ही इकडे याल तेव्हा अकोल्याला एक दिवस काढा. ती तुम्हाला बसवील आणि नको ते सगळं विचारील. उत्तरं द्या.

ते जू तिनं परत नेलं नाही. ते माझ्या लिहायच्या टेबलावर, पेनांच्या पेल्याशेजारी आहे. धूळ पुसायला येणाऱ्या बाईनं परवा ते उचलून विचारलं, हे कोणी केलं? माझ्या बहिणीनं, असं मी सांगितलं.